देवगिरी ते दौलताबाद : सत्तांतरांच्या संदर्भात एका दुर्गाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासात देवगिरी अर्थात दौलताबाद या दुर्गाचे स्थान अनन्यसाधारण आहे. सह्याद्रीतील बहुतेक किल्ल्यांचा इतिहास सतराव्या शतकातील मराठी राज्याच्या उदयाशी निगडित आहे. देवगिरीचा इतिहास मात्र त्याच्या साडेचारशे वर्षे आधी सुरू होतो आणि विसाव्या शतकात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणापर्यंत येऊन पोहोचतो. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही आणि अल्पकाळ मराठे अशा अनेक सत्तांचा अंमल या एका डोंगराने अनुभवला. त्यामुळे देवगिरीचा इतिहास हा केवळ एका वास्तूचा इतिहास राहत नाही, तर तो दख्खनच्या राजकीय व सांस्कृतिक स्थित्यंतरांचा इतिहास ठरतो.

देवगिरीविषयी सामान्य वाचकाच्या मनात दोन कल्पना रूढ आहेत. पहिली, हा दुर्ग अजिंक्य होता. दुसरी, तो वारंवार शत्रूच्या हाती पडला. ही दोन्ही विधाने वरकरणी परस्परविरोधी वाटतात, परंतु ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे पाहिले असता दोन्हींत तथ्य असल्याचे दिसून येते. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) देवगिरी दुर्गावरील प्रमुख सत्तांतरांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) दुर्ग हस्तांतरित होण्यामागील लष्करी, आर्थिक व राजकीय कारणांचे विश्लेषण करणे.
३) प्रत्येक सत्तेने दुर्गाच्या रचनेत व परिसराच्या सांस्कृतिक जीवनात घातलेली भर तपासणे.

दुर्गाचे स्थान व रचना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, वेरूळच्या वाटेवर, सपाट प्रदेशातून एकदम वर उठलेला शंकूच्या आकाराचा डोंगर म्हणजे देवगिरी होय. आसपासच्या मैदानापासून त्याची उंची सुमारे २०० मीटर आहे. निसर्गाने दिलेल्या या उंचीवर मानवी श्रमाने फार मोठे संस्कार केले. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून त्याला भिंतीसारखा उभा कडा देण्यात आला आणि त्याच्या पायथ्याशी कातळात खोल खंदक खोदण्यात आला. खंदक ओलांडल्यावर वर जाण्याचा मार्ग कातळातच कोरलेल्या भुयारातून जातो. ‘अंधारी’ या नावाने ओळखला जाणारा हा वळणावळणाचा मार्ग शत्रूला गोंधळात टाकण्यासाठी योजलेला होता. वेरूळची लेणी येथून अगदी जवळ आहेत. कातळ कोरण्याच्या या प्रदेशातील जुन्या परंपरेचे सामर्थ्य दुर्गाच्या बांधणीतही जाणवते.

दुर्गाभोवती तटबंदीची वलये आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्यानंतर महाकोट, त्याच्या आत कालाकोट आणि सर्वांत वर डोंगरावरील बालेकिल्ला, असा हा क्रम आहे. अंबरकोटाचे श्रेय मलिक अंबर याला दिले जाते. म्हणजेच आज आपण जो दुर्ग पाहतो तो एका राजाची किंवा एका शतकाची निर्मिती नाही. कातळ तासण्याचे व खंदकाचे काम कोणत्या काळात किती झाले, याविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. तथापि इ. स. १३४२ च्या सुमारास येथे आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने बालेकिल्ल्यावर कातडी शिडीने चढावे लागते व रात्री ती शिडी वर ओढून घेतली जाते, असे नोंदविले आहे. त्यावरून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उभ्या कड्याने संरक्षिलेला बालेकिल्ला अस्तित्वात होता, हे निश्चित होते.

यादवकाळ : राजधानीचा उदय

यादवांची आरंभीची सत्ता सिन्नर परिसरात होती. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाल्यानंतर पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि इ. स. ११८७ च्या सुमारास देवगिरी ही राजधानी केली. सिंघण (दुसरा) याच्या कारकिर्दीत यादव साम्राज्याचा विस्तार सर्वाधिक झाला. ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याच सिंघणाच्या आश्रयास होता. पुढे महादेव व रामचंद्र यांच्या कारकिर्दीत हेमाद्री पंडिताने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरील विस्तृत ग्रंथ रचला. इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत यादव राजा रामचंद्राचा उल्लेख येतो. महानुभाव पंथाचे आद्य मराठी गद्यही याच काळातील आहे. मराठी भाषेच्या वाङ्मयीन उदयाच्या वेळी तिच्या प्रदेशाची राजधानी देवगिरी होती, ही गोष्ट या दुर्गाच्या इतिहासात कोणत्याही लढाईइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

खलजी आक्रमणे (इ. स. १२९६ ते १३१८)

इ. स. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार असलेला अलाउद्दीन खलजी, आपला चुलता व सासरा सुलतान जलालुद्दीन याला न कळविता, काही हजार घोडेस्वारांसह एलिचपूरमार्गे देवगिरीवर चालून आला. यादवांचे मुख्य सैन्य या वेळी राजपुत्रासमवेत राजधानीपासून दूर होते. वाटेत कान्हा नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याने प्रतिकार केला. या लढाईत दोन स्त्रियांनीही शौर्याने भाग घेतल्याचे इसामी या इतिहासकाराने लिहिले आहे. रामचंद्राने बालेकिल्ल्याचा आश्रय घेतला. राजपुत्र सैन्यासह परतला, पण त्याचा पराभव झाला. त्यानंतरही दुर्ग लढविता आला असता. परंतु घाईने गडावर चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फिरिश्ता सांगतो. हा तपशील फिरिश्त्याने तीनशे वर्षांनंतर लिहिला असल्याने तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तथापि दुर्गात पुरेशी रसद नव्हती हा त्यामागील आशय घटनाक्रमाशी सुसंगत आहे. रामचंद्राला अपार खंडणी द्यावी लागली. या संपत्तीच्या बळावरच अलाउद्दीनने त्याच वर्षी दिल्लीचे तख्त बळकावले.

इ. स. १३०७ मध्ये खंडणी थकल्याच्या कारणावरून मलिक काफूरची स्वारी झाली. रामचंद्राला दिल्लीस नेण्यात आले. तेथे त्याचा सन्मान करून ‘राय-ए-रायान’ हा किताब देण्यात आला व त्याचे राज्य त्याला परत मिळाले. यापुढे देवगिरी हे दिल्लीच्या दक्षिण मोहिमांचे ठाणे बनले. वरंगळ व द्वारसमुद्र यांवरील स्वाऱ्यांना देवगिरीहून साहाय्य झाले. रामचंद्रानंतर आलेल्या शंकरदेवाने हे मांडलिकत्व नाकारले आणि काफूरशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपालदेव याने केलेला उठाव इ. स. १३१८ मध्ये सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशहाने मोडून काढला व हरपालदेवाला क्रूरपणे ठार मारले. यादव सत्ता संपली. त्याच वर्षी उभारलेल्या जामा मशिदीत मंदिरांचे खांब वापरलेले आजही स्पष्ट दिसतात. विजेत्याने पराजिताच्या पूजास्थानांचे अवशेष आपल्या वास्तूत वापरले, याचा हा प्रत्यक्ष पुरावा असून तो झाकण्याचे किंवा त्याला अतिरंजित करण्याचे कारण नाही.

तुघलक काळ : दौलताबादची निर्मिती

इ. स. १३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने देवगिरीस दुसऱ्या राजधानीचा दर्जा देऊन तिचे नाव दौलताबाद ठेवले. विस्तारलेल्या साम्राज्याला मध्यवर्ती राजधानी असावी व दख्खनवर प्रत्यक्ष नियंत्रण राहावे, असा त्यामागील विचार होता. संपूर्ण दिल्ली ओस पडली, असे वर्णन बरनी व इसामी यांनी केले आहे. आपले नव्वद वर्षांचे आजोबा या प्रवासात वाटेतच मरण पावले, असे इसामी लिहितो. त्याच्या लेखनातील कटुता समजून घेण्यासारखी आहे. मात्र दिल्ली परिसरात सापडलेले इ. स. १३२७ व १३२८ चे संस्कृत शिलालेख त्या काळातही तेथे सुस्थितीतील वस्ती असल्याचे दाखवितात. त्यामुळे स्थलांतर मुख्यतः उमराव, अधिकारी, विद्वान व सूफी यांच्या कुटुंबांचे झाले, असे आधुनिक इतिहासकार मानतात.

राजधानीचा प्रयोग काही वर्षांतच सोडून द्यावा लागला. तथापि त्याचे परिणाम दूरगामी ठरले. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारखे चिश्ती सूफी येथे आले व खुलदाबाद हे दख्खनमधील सूफी परंपरेचे केंद्र बनले. उत्तरेकडून आलेल्या बोलीचा दख्खनच्या भाषांशी संबंध येऊन दख्खनी भाषेच्या वाढीला चालना मिळाली. जवळच्या कागजीपुऱ्यातील हातकागदाचा व्यवसायही परंपरेने याच स्थलांतराशी जोडला जातो. सुलतानाचा राजकीय हेतू फसला, परंतु त्याच्याबरोबर आलेली माणसे येथेच राहिली आणि दख्खनची झाली.

बहमनी सत्तेचा उदय

इ. स. १३४५ नंतर दख्खनमधील ‘अमीरान-ए-सदा’ या अधिकाऱ्यांनी सुलतानाविरुद्ध बंड केले व दौलताबाद ताब्यात घेऊन इस्माईल मुख याला गादीवर बसविले. स्वतः मुहंमद बिन तुघलक चालून आला. मैदानातील लढाईत बंडखोरांचा पराभव झाला, परंतु इस्माईल मुखाने बालेकिल्ला सोडला नाही. सुलतानाने घातलेला वेढा चालू असतानाच गुजरातेत तघीचे बंड उद्भवले व त्याला तिकडे जावे लागले. मागे राहिलेल्या शाही सैन्याचा हसन जफरखानाने पराभव केला. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबाद येथे तो अलाउद्दीन बहमनशहा या नावाने राज्यारूढ झाला. बालेकिल्ल्यात रसद असली व आतील लोक एकदिलाने राहिले, तर हिंदुस्थानचा सर्वांत बलाढ्य सुलतानही हा दुर्ग सहज घेऊ शकत नव्हता, हे या वेढ्याने सिद्ध केले.

बहमनींनी राजधानी गुलबर्ग्यास नेली व दौलताबाद हे चार तरफांपैकी एका तरफेचे मुख्य ठाणे राहिले. पंधराव्या शतकाच्या मध्यात, दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत, येथे चांद मिनार उभारण्यात आला.

निजामशाही काळ

बहमनी राज्याच्या विघटनानंतर अहमद निजामशहाने दौलताबादवर दृष्टी ठेवली. त्याची कार्यपद्धती विशेष लक्षणीय आहे. तटावर चाल करून उपयोग नाही, हे त्याने ओळखले होते. फिरिश्त्याच्या वृत्तांतानुसार त्याने जुन्नर व दौलताबाद यांच्या दरम्यान अहमदनगर शहर वसविले आणि दरवर्षी पिके हाताशी येण्याच्या वेळी दौलताबादच्या परिसरात सैन्य पाठवून ती उद्ध्वस्त करण्याचा क्रम चालविला. अखेर इ. स. १४९९ मध्ये किल्लेदार मलिक अशरफच्या मृत्यूनंतर शिबंदीने किल्ला त्याच्या स्वाधीन केला. येथे दुर्ग जिंकला तो शेतातील उभ्या पिकांवर घाला घालून. या धोरणाची खरी झळ किल्लेदारापेक्षा आसपासच्या गावांतील कुणब्यांना बसली असणार, हे उघड आहे. दरबारी तवारिखांनी मात्र त्यांची दखल घेतलेली नाही.

निजामशाहीतील दौलताबादचा दुसरा पैलू मराठी परंपरेने जपून ठेवला आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते व एकनाथांचे शिक्षण येथेच झाले, अशी वारकरी परंपरा आहे. जनार्दनस्वामींची समाधी गडावर दाखविली जाते. एकनाथांनी सरकारी ‘अर्जदास्त’ या फारसी पत्रप्रकाराचे रूप घेऊन भक्तिपर रचना केली. फारसीमिश्रित दफ्तरी मराठी आणि भक्तिपरंपरा यांचा असा मेळ दौलताबादसारख्या प्रशासकीय केंद्राशी संबंधित कवीच्या ठायी आढळावा, यात आश्चर्य नाही.

इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यानंतर मलिक अंबर याने निजामशाही सावरली, खडकी हे शहर वसविले व दौलताबादला पुन्हा राजधानीचे महत्त्व दिले. त्याच्या मृत्यूनंतर (इ. स. १६२६) दरबारातील दुही विकोपास गेली. २५ जुलै १६२९ रोजी याच किल्ल्यात निजामशहाने लखुजी जाधवराव व त्यांच्या पुत्रांची हत्या करविली. जिजाबाईंच्या माहेरावर झालेल्या या आघाताने मराठा सरदारांचा निजामशाहीवरील विश्वास उडाला. शहाजीराजेही काही काळ मोगलांना जाऊन मिळाले. पुढे मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने निजामशहाचा वध करवून अल्पवयीन हुसेन याला गादीवर बसविले.

इ. स. १६३३ चा वेढा

दख्खनमध्ये इ. स. १६३० ते १६३२ या वर्षांत भीषण दुष्काळ पडला होता. त्यातून प्रदेश सावरला नव्हता, अशा वेळी फत्तेखानाने प्रथम मोगलांना बोलाविले व नंतर विजापूरकरांशी संधान बांधले. संतप्त झालेल्या महाबतखानाने दौलताबादला वेढा दिला. विजापूरचे सेनानी रणदुल्लाखान व मुरारपंत यांनी, तसेच शहाजीराजांनी बाहेरून रसद पोहोचविण्याचे प्रयत्न केले, परंतु ते निष्फळ ठरले. अंबरकोट, महाकोट व कालाकोट ही वलये मोगलांनी सुरुंग लावून व हल्ले चढवून क्रमाने घेतली. बालेकिल्ला शेवटपर्यंत अभेद्य राहिला. पण आत धान्य उरले नव्हते. सुमारे साडेतीन महिन्यांनंतर, जून १६३३ मध्ये, सुमारे साडेदहा लाख रुपये घेऊन फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला. बालराजा हुसेन ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. शहाजीराजांनी दुसऱ्या एका निजामशाही वारसाच्या नावाने इ. स. १६३६ पर्यंत लढा चालू ठेवला.

मोगल, आसफजाही व मराठे

मोगल काळात दौलताबादचे महत्त्व हळूहळू बदलले. औरंगजेबाच्या सुभेदारीत खडकीचे औरंगाबाद झाले व राजकारणाचे केंद्र तिकडे सरकले. दुर्गाचा उपयोग आता प्रामुख्याने कैदखाना म्हणून होऊ लागला. इ. स. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन कुत्बशहा ऊर्फ तानाशहा याला येथील चिनी महालात ठेवण्यात आले व आयुष्याची अखेरची वर्षे त्याने येथेच काढली. ज्या दुर्गाने एका राज्याचा उदय पाहिला, तोच पुढे दुसऱ्या राज्याच्या अखेरच्या राजाची कोठडी झाला. औरंगजेबाचे नाव कोरलेली व मेंढ्याच्या मुखामुळे ‘मेंढा तोफ’ म्हणून ओळखली जाणारी तोफ या काळाची साक्ष देते.

इ. स. १७२४ नंतर दुर्ग निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या सत्तेखाली आला. इ. स. १७५८ मध्ये फ्रेंच सेनानी बुसी याने काही काळ त्यावर ताबा मिळविला. ३ फेब्रुवारी १७६० च्या उदगीर येथील विजयानंतर झालेल्या तहात दौलताबाद पेशव्यांना मिळाले. पुढील वर्षीच्या पानिपतच्या पराभवानंतर मात्र मराठ्यांची ही पकड टिकली नाही. इ. स. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतरच्या तहातही दौलताबाद मराठ्यांना देण्याचे ठरले. परंतु सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर पुण्याच्या दरबारात माजलेल्या कारस्थानांत हा लाभ हातचा गेला. मराठ्यांनी हा दुर्ग रणांगणातील विजयाने मिळविला आणि अंतर्गत कलहाने गमावला, असे म्हणावे लागते. त्यानंतर सप्टेंबर १९४८ मधील हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणापर्यंत तो निजामाकडेच राहिला. विलीनीकरणानंतर जामा मशिदीच्या वास्तूत भारतमातेच्या मूर्तीची स्थापना झाली व ती वास्तू भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. आज हा दुर्ग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत संरक्षित स्मारक आहे.

विश्लेषण

वरील आढाव्यावरून एक बाब प्रकर्षाने लक्षात येते. १२९६, १४९९ व १६३३ या तीनही प्रसंगी बालेकिल्ला थेट हल्ल्याने पडला नाही. पहिल्या प्रसंगी रसदेचा अभाव, दुसऱ्या प्रसंगी परिसराच्या शेतीचा नाश व नेतृत्वाचा अंत, तर तिसऱ्या प्रसंगी उपासमार व दरबारी फूट ही कारणे निर्णायक ठरली. अठराव्या शतकात तर त्याचे भवितव्य तहाच्या कागदांवर ठरू लागले. याउलट १३४७ मध्ये आतील एकजूट टिकली आणि शत्रूला अन्यत्र जावे लागले, तेव्हा दुर्ग तरला. तेव्हा दुर्गाचे बळ केवळ कातळात नव्हते. त्याला धान्य पुरविणाऱ्या गावांत, डोंगरातील तलावांतून मातीच्या नळांनी पाणी आणणाऱ्या व्यवस्थेत आणि शिबंदीच्या निष्ठेत ते होते. खंदक कितीही खोल असला तरी राज्यकर्त्यांच्या आपसातील अविश्वासापासून तो संरक्षण देऊ शकत नाही.

दुसरी बाब दुर्गाच्या ओळखीविषयी आहे. ‘देवगिरी’ की ‘दौलताबाद’ असा प्रश्न अनेकदा भावनेच्या आधारे विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला यांतील कोणतेही नाव वगळता येत नाही. ‘देवगिरी’ वगळले तर मराठी भाषेच्या उदयकाळाची राजधानी हरवते. ‘दौलताबाद’ वगळले तर दख्खनी भाषा, खुलदाबादची सूफी परंपरा आणि मलिक अंबरचा संघर्ष यांचा संदर्भ तुटतो. मंदिरांच्या खांबांवर उभी राहिलेली मशीद आणि त्या मशिदीत आज असलेली भारतमातेची मूर्ती या वास्तूचे सर्व थर एकत्रच वाचावे लागतात.

निष्कर्ष

१) देवगिरीचा दुर्ग ही कोणत्याही एका राजवटीची निर्मिती नसून अनेक राजवटींच्या क्रमिक बांधकामाचे फलित आहे.
२) दुर्गाचा बालेकिल्ला लष्करीदृष्ट्या अभेद्य होता. त्याच्या प्रमुख हस्तांतरांमागे उपासमार, फितुरी, अंतर्गत कलह व तह ही कारणे होती.
३) प्रत्येक सत्तांतराबरोबर नवे लोक, भाषा, व्यवसाय व श्रद्धा या परिसरात आल्या व त्यांतून दख्खनच्या संमिश्र संस्कृतीची जडणघडण झाली.
४) खडकी अर्थात औरंगाबादचा उदय व राजकीय केंद्राचे स्थलांतर यांमुळे दुर्गाचे महत्त्व ओसरले. त्यामागे त्याच्या तटबंदीचा दुबळेपणा नव्हता.

देवगिरीच्या संवर्धनाचा विचार करतानाही हीच दृष्टी उपयुक्त ठरेल. केवळ बालेकिल्ला व मिनार यांची डागडुजी पुरेशी नाही. तटांच्या आतील जुन्या नगराचे अवशेष, पाणीपुरवठ्याची व्यवस्था, कागजीपुरा व खुलदाबाद यांच्यासह संपूर्ण परिसराचा एकत्रित अभ्यास व जतन होणे आवश्यक आहे. कारण या दुर्गाला सहा शतके ज्यांनी जगविले, त्या सामान्य माणसांच्या खुणा बालेकिल्ल्यापेक्षा त्याच्या पायथ्याशीच अधिक सापडण्याचा संभव आहे.